अक्सुमचे व्याही

प्राचीन आफ्रिकेतल्या अक्सुम राज्याचा घरच्यासारखा अभिमान बाळगणारा माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा चुलतसासरा निघाला. वळ गावच्या एका गोदामात परदेशातून आलेल्या रद्दीच्या ढिगातून काकांनी एक फाटकं, जाडजूड इंग्रजी पुस्तक अंजूरला घरी उचलून आणलं होतं. त्यात इथिओपियातल्या त्या राज्याच्या उत्खननाची चित्रं होती. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी दोन वर्षांत ते वाचून काढलं आणि त्यानंतर घरात कुणाला सुखाने जेवू दिलं नाही. जेवताना आमटी म्हणजे तांबडा समुद्र, भात म्हणजे आपलं कल्याण बंदर, पलीकडची चटणी म्हणजे अक्सुमचं बंदर आणि सुका बोंबील म्हणजे कापडाने भरलेलं जहाज. ते जहाज बंदराला लागल्याशिवाय काका तोंडात घालायचे नाहीत. आपलं कापड तिथली माणसं नेसायची, तेव्हा अक्सुम हे भिवंडीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, असं त्यांचं ठाम मत. मला बघायला आले तेव्हा बाकीचे स्वयंपाकाचं विचारत होते, काकांनी विचारलं, "पोरी, तुमच्या कल्यानात पाया खनताना खापऱ्या लागल्या का कंदी?" मी घाबरून हो म्हटलं. माझं लग्न त्या खापऱ्यांवर ठरलं अशी माझी समजूत आहे.

अक्सुमच्या लोकांनी एकेका अखंड दगडात उंच मनोरे कोरले होते, खोट्या दारांचे आणि खोट्या खिडक्यांचे. त्यातला रोमला नेलेला एक दगड दोन हजार पाच साली विमानाने मायदेशी परतला, तेव्हा काकांनी गावभर पेढे वाटले. लोकांना वाटलं, मी बाळंत झाले. शेजारीण धावत आली. "वजन किती?" तिने विचारलं. "दीडशे टन!" काका आनंदाने ओरडले. "तीन तुकडं, तीन खेपा!" दापोड्याच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी मात्र गंभीरपणे माना डोलावल्या. एवढा माल न फुटता पोचवणं काय असतं, ते त्यांनाच ठाऊक.

पुढे खाडीलगतचं शेवटचं भातखाचर गोदामाला द्यायचं घरात ठरलं. काकांनी सही अडवून धरली. पाया खणण्याआधी पंधरा दिवस जमीन त्यांच्या ताब्यात हवी, एवढीच अट. अक्सुमचं एक नाणं, फक्त एक, तिथे सापडलं तर सरकार जमीन राखेल आणि आपलं खाचर वाचेल, असं ते छातीठोकपणे सांगत. त्यांनी सुतळीने चौकोन आखले, दाढीच्या ब्रशने माती झाडली, घमेल्याघमेल्याने ती चाळली. चौथ्या दिवशी एक गोल चकती निघाली आणि काका खड्ड्यातच नाचले. काकूंनी ती पदराने पुसली. "यो माझ्या पोलक्याचा बटन हाय. लावनीच्या टायमाला तुटला व्हता." काकांनी निमूटपणे ते पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली: अज्ञात काळ. "अज्ञात कशाला? थोरल्याच्या बारशाचा वरीस!" काकू म्हणाल्या.

नाणं काही निघालं नाही. पंधराव्या दिवशी जेसीबी बांधावर येऊन उभा राहिला. वरचा भैया भला माणूस. "चाचा, दो दिन और रुक जाऊँ?" त्याने विचारलं. काकांनी त्याला थांबायची खूण केली आणि मला खड्ड्यात उतरवलं. खड्ड्याच्या भिंतीत काळ्या मातीमधून राखेच्या बारीक करड्या रेघा गेल्या होत्या. पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, त्या राबाची ती राख. काकांनी वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "सूनबाय, ही माझी. हिच्या खाली बापूस. त्याच्या खाली आजा." इतकी वर्षं मी त्यांना हसत आले होते. त्या खड्ड्यात मला रडू आवरलं नाही. त्यांनी पट्टीने रेघा मोजल्या, वहीत चित्र काढलं आणि त्याच्या बाजूला वळणदार अक्षरात लिहिलं: 'थर पहिला. गोदाम. थर दुसरा. आम्ही.' मग वही मिटून ते वर चढले आणि भैयाला म्हणाले, "चालू कर."