जावयाच्या हातातला जोर

दिलीपरावांच्या हातात जोर नाही, हा निकाल त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, पहिल्याच दिवाळसणाला देऊन टाकला होता. राजापूरच्या अंगणात जावयापुढे नारळ सोलायला ठेवला आणि जावयाने तो बराच वेळ नुसता गोंजारला. शेवटी सासूबाईंनी येऊन सोलला. तेव्हापासून लोणच्याच्या बरणीचं झाकण असो की नातीचं बारसं, तात्या मान हलवून एकच म्हणत, "जोर नाही हो जावयाच्या हातात!" बारशाला जोर कशाला लागतो, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दिलीपराव तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळत. माणूस गरीब स्वभावाचा. सासऱ्याकडून त्यांना अंगठी नको होती, स्कूटर नको होती. हे एक वाक्य तात्यांनी मागे घ्यावं, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं.

शहाण्णव साली सासूबाई गेल्या आणि तात्या सानपाड्याला लेकीकडे कायमचे राहायला आले. बरोबर एक ट्रंक आणि फडक्यात गुंडाळलेला वस्तरा. जन्मभर त्यांनी पडवीत आरसा टांगून स्वतःची दाढी स्वतः केलेली. गावचा ज्ञानू न्हावी वस्तऱ्याला धार तेवढी लावून द्यायचा, पण हनुवटी मात्र तात्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नाही. आता वस्तरा बोथटला होता आणि तात्यांचा हातही थरथरायला लागला होता. सानपाड्याच्या सलूनवाल्यांनी एड्सच्या भीतीने वस्तरे केव्हाच मोडीत काढलेले. तात्या एका सलूनच्या दारापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "अर्धं ब्लेड मोडून लावतात दांड्याला. माझी दाढी काय अर्धी आहे?"

दाढी वाढत गेली. तात्यांनी खाली बागेत जाणं बंद केलं. गॅलरीतसुद्धा रस्त्याकडे पाठ करून बसायला लागले. त्यात येत्या रविवारी तात्यांची बहीण दुर्गाबाई नवीन पनवेलहून येणार असल्याचा फोन आला. त्या घराण्यात वस्तरा बोथटला असेल, पण दुर्गाबाईंची जीभ बोथटलेली नव्हती. जावयाने भावाचा गोसावी केला, हे त्या गावभर सांगणार होत्या.

"धार मी लावतो," दिलीपराव जेवताना म्हणाले. "आणि दाढीही मीच करतो."

त्यांच्या बायकोच्या, जयमालाच्या, हातातली पोळी तव्यावर वाकडी पडली. "अहो, पेन्सिलीला टोक करताना बोट कापता तुम्ही!"

तात्यांनी जावयाला आपादमस्तक न्याहाळलं. "जोर लागतो त्याला," एवढंच बोलून ते आमटी भुरकायला लागले.

वरच्या मजल्यावरचा आशुतोष जहाजावर इंजिनिअर होता. सुऱ्यांना धार लावायला म्हणून त्याने जपानहून एक दगड आणला होता. त्याची आई सुऱ्या ओट्याच्या कडेवरच घासायची, त्यामुळे दगड कोराच पडून होता. "काका, पाण्यात भिजवून ठेवायचा. बुडबुडे थांबले की चालू करायचं," आशुतोष म्हणाला. "बाकी आपल्याला नॉलेज नाय."

दिलीपरावांनी बाथरूममध्ये बैठक मारली. जोर लागतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं. दात-ओठ खाऊन त्यांनी वस्तरा असा रगडला, की शेजारीण कढई कोण घासतंय ते बघायला आली. वस्तऱ्याची पाठ उचलली गेली आणि धारेने दगडावरच चर पाडला. हातावरचे केस कापून धार जोखायची, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. केस जागेवर राहायचे आणि कातडी निघायची. मग आणखी जोर, आणखी रगडणं. आठवडा सरता सरता डाव्या हातावर ठिकठिकाणी लाल चकंदळं उठली. कारखान्यात एकाने गजकर्ण समजून मलमाची ट्यूब आणून दिली. दिलीपरावांनी मुकाट्याने लावलीसुद्धा.

शनिवारी सकाळी दगड बादलीत भिजत पडला होता. तात्या आंघोळ करून बाहेर आले ते फुललेल्या चेहऱ्याने. "जयू, टाचा घासायचा दगड झकास आहे हो! कुणी आणला?"

"मी," दिलीपराव म्हणाले. सासऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच आपल्यासाठी बरा शब्द निघाला होता. तो वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं, पण खोटं बोलणं जमेना. दगड कशासाठी आहे ते त्यांनी सांगून टाकलं.

तात्यांचा चेहरा उतरला. "पाय घासायच्या दगडावरचा वस्तरा माझ्या तोंडाला लावणार?"

"तात्या, टाचा तुमच्याच आणि तोंडही तुमचंच!" जयमाला स्वयंपाकघरातून ओरडली.

दगडावर गंगाजल शिंपडायला लावून तात्यांनी विषय मिटवला.

दुपारी दिलीपराव पुन्हा बसले, पण आता उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं. रगडायची सोयच उरली नव्हती. वैतागून त्यांनी वस्तरा दगडावर आडवा टाकला, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, आणि नुसता पुढे-मागे सरकू दिला. खरखर थांबली. कोऱ्या धोतरावरून हात फिरवावा तसा वस्तरा जाऊ लागला. जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर दोन्ही अंगांनी ओढून त्यांनी तो पोटरीला लावला, कारण हातावर जागाच नव्हती. केस आपसूक गळून पडले. ते बघून त्यांना आनंद झालाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. आता खरंच दाढी करावी लागणार होती!

रविवारी सकाळी गॅलरीत खुर्ची मांडली. तात्यांच्या तोंडाला फेस आला, तसा दिलीपरावांच्या कपाळाला घाम. जयमाला तुरटी हातात धरून दारात उभी राहिली.

"सांभाळून," तात्या म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हनुवटी वर केली आणि गळा दुसऱ्याच्या हाती दिला.

दुखऱ्या मनगटाने दिलीपरावांनी वस्तरा गालावर टेकवला आणि सरकू दिला. एक गाल झाला. दुसरा झाला. गळ्यापाशी आल्यावर त्यांनी श्वास रोखला, आणि तेवढ्यात घर्र असा आवाज आला. दिलीपराव दचकले. कापलं की काय? जयमालाने पुढे वाकून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

तात्या घोरत होते.

दुर्गाबाईंनी दारातून भावाला निरखलं, पुन्हा निरखलं, आणि बोलायला काही न सापडल्यामुळे थेट चहा मागितला. तात्यांनी गालावरून हात फिरवला, मग गळ्यावरून फिरवला.

"दिलीपराव," ते म्हणाले, "तुमच्या हातात जोर नाही."

जयमालाने कपाळाला हात लावला. दिलीपराव खाली मान घालून वस्तरा पुसू लागले.

"गुरुवारी पुन्हा करा," तात्या म्हणाले. "आणि हात असाच ठेवा."

एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या आणि बहिणीला घेऊन ते खाली बागेत गेले.