ताईंना काही अडचण नाही

जुळे सोलापुरातल्या एका भाड्याच्या बंगल्यात आमचं ऑफिस होतं. पाटी नव्हती. कुणी विचारलंच तर आम्ही 'केंद्र सरकारचं, सर्व्हेचं काम आहे' असं सांगायचो आणि शेजारचे मान डोलवायचे. कोपऱ्यावरचा दूधवाला मात्र मला बिनदिक्कत 'गुप्तहेर मॅडम' म्हणून हाक मारायचा. मी कसली गुप्तहेर! माहिती काढायला बाहेर पडणारी माणसं वेगळी. त्यांच्या रजा, वेतनवाढी, बदल्या, पेन्शन हे माझं काम, म्हणजे आस्थापना विभाग. देशाची गुपितं कुठल्या कपाटात असायची ते मला कधी कळलं नाही. पण कुणाच्या बायकोला दम्याचा त्रास आहे आणि कुणाचं पोर दहावीत अडकलंय हे मला पाठ होतं, कारण बदली टाळायची म्हटली की माणूस सगळं लिहून देतो.

माझ्याच खोलीत कॅशियर बसायचा. मोहोळजवळच्या गावचा, माझ्यापेक्षा थोडा लहान. मला ताई म्हणायचा. दुपारी आमचे डबे एकत्र उघडायचे. त्याची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, माझा चिंचेचा भात. आमच्या तेलुगू घरातला तो भात त्याला इतका आवडायचा की मी त्याच्यासाठी वेगळा डबाच आणायला लागले होते. एकदा त्याची बदली निघाली तेव्हा त्याच्या वडिलांना नुकताच अर्धांगवायू झाला होता. मी त्याच्यासाठी तेव्हाच्या साहेबांशी अक्षरशः भांडले. फाइलीवरचं माझं नोटिंग परत आलं की पुन्हा लिहायचे, पुन्हा आलं की पुन्हा. शेवटी बदली रद्द झाली. उपकार केला असं मला कधी वाटलं नाही, त्याची अडचण खरीच होती.

मी लग्न केलं नाही. वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. पहिली काही वर्षं बरी गेली. मग तिला विसर पडायला लागला. गॅस चालू राहणं, नळ वाहत राहणं हे मी सांभाळून घेत होते. पण पुढं ती इमारतीच्या फाटकाशी जाऊन उभी राहायला लागली आणि भाजीवाली, वॉचमन, कुरिअरचा माणूस, जो भेटेल त्याला सांगायला लागली, "माझी मुलगी सरकारच्या गुप्त ऑफिसात आहे. कोण कुठं जातं ते सगळं तिला कळतं." लोक हसायचे. मला मात्र घाम फुटायचा.

ज्यांनी अशी नोकरी केली नाही त्यांना हे पटणार नाही. आमच्याकडे घरच्यांच्या तोंडाचाही हिशेब होतो. 'कुटुंबात गोपनीयता राखली जात नाही' एवढी ओळ एकदा फाइलीत गेली की पेन्शनपर्यंत ती तुमच्या मागं येते. अशा ओळी मी दुसऱ्यांच्या फायलींत टाइप केल्या होत्या. माझ्यावर ती आली असती तर सगळ्यांच्या फायली माझ्या ताब्यात कोण ठेवणार होतं?

म्हणून मी आईचं दुखणं लपवलं. ऑफिसच्या यादीतला डॉक्टर सोडून बाहेरच्या डॉक्टरकडे नेलं. रजेच्या अर्जात कायम 'घरगुती काम' लिहिलं. एकदा डबा खाताना मात्र मला रडूच कोसळलं आणि कॅशियरला सगळं सांगून बसले.

"कुणाला बोलू नका," मी म्हणाले.

"ताई, ह्या तोंडातनं शबूद न्हाय निघायचा," तो म्हणाला. पुढच्या रविवारी घरी येऊन तो आईला बघूनही गेला.

नंतर नवे साहेब आले आणि पाठोपाठ वरून पत्र आलं. सीमेवरच्या डोंगरातल्या एका ठिकाणी माणूस हवा होता आणि सोलापूरनं एक द्यायचा होता. इथं सगळ्यात जास्त वर्षं काढलेले आम्ही दोघंच, मी आणि कॅशियर. त्या दिवशी मी आईला घेऊन डॉक्टरकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले तर माझ्या नावाची शिफारस होऊन गेलेली. ते पत्र जावक रजिस्टरला चढवायचं कामही माझंच.

खोलीत कॅशियर मान खाली घालून व्हाउचर लावत होता. मी विचारलं, "साहेबांनी माझ्याबद्दल काही विचारलं का?"

"व्हय. घरची काय अडचण हाय का, म्हणले."

"मग?"

"म्हणलं, ताईंना काही अडचण न्हाय. एकट्याच हायत."

"आणि आई?" मी विचारलं. तो म्हणाला, "तुमीच म्हणला हुता की, कुणाला बोलायचं न्हाय. मी आजपातूर बोललो न्हाय."

आणि ते खरं होतं, हेच तर मला जाळत होतं. त्यानं शब्द पाळला होता. चोख पाळला होता, कारण पाळण्यात त्याचाच फायदा होता. एकटी बाई ऑफिसच्या लेखी चाकं लावलेल्या कपाटासारखी असते, कुठंही ढकलावी. साहेबांना तसं वाटलं तर मी समजू शकले असते. पण यानं माझ्या आईला पाहिलं होतं, तिच्या हातचं पाणी प्यायला होता.

फाइलीचं काय व्हायचं ते होवो, असं ठरवून मी साहेबांपुढे गेले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरचे कागदही ठेवले. साहेबांनी ते उलटसुलट पाहिले.

"हे वर्षभराहून जास्त चाललंय, मॅडम. तुम्ही कळवलं नाही. आस्थापनेवर बसून!"

त्यांनी कागद बाजूला सारले.

"आणि शेजारी बसणाऱ्यालाही याचा पत्ता नव्हता?" म्हणत त्यांनी कॅशियरला बोलावलं. "मॅडमच्या आईंची ही परिस्थिती तुम्हाला ठाऊक होती?"

तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. 'होय' म्हटलं असतं तर साहेबांना खोटं सांगितल्याचा ठपका त्याच्यावर आला असता आणि बदलीच्या पत्रावर कदाचित त्याचं नाव गेलं असतं. तो म्हणाला, "न्हाय साहेब. मला आत्ताच कळतंय."

मी त्याला तिथंच उघडं पाडू शकले असते. पाडलं नाही. कुणाला वाटेल मी मोठं मन दाखवलं. कसलं मोठं मन! माझी जीभच उचलेना. बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, उपकार झाले." बदली माझीच कायम राहिली. त्या दिवसानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. डबा एकटीनं खाल्ला, चार्ज दिला आणि गेले.

डॉक्टरांनी आईला थंडीत न्यायला मनाई केली होती, म्हणून तिला सोलापुरातच, पूर्व भागात, धाकट्या भावाकडे ठेवलं. दोन खोल्या. भाऊ चादरीच्या कारखान्यात, वहिनी घरी विड्या वळणारी. त्यांनी कुरकूर केली नाही. मी डोंगरातून फोन करायचे. आई आधी बोलायची, मग नुसती ऐकायची, मग फोन कानाला लावून घेईना.

पहिली रजा मिळाली तशी मी रात्रंदिवस प्रवास करून आले. रविवार होता. दार उघडंच होतं. खाटेवर आई बसली होती आणि तिच्यापुढं स्टुलावर बसून कॅशियर तिला मोसंबीच्या फोडी सोलून भरवत होता. मला पाहून त्याचा हात थांबला.

आईनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याला विचारलं, "एवरु?" म्हणजे ही कोण.

"ताई हायत," तो खाली बघत म्हणाला. "तुमची लेक."

आईनं मान हलवली. मग तिनं त्याचाच हात धरला आणि पुढच्या फोडीसाठी तोंड उघडलं.

वहिनी विड्यांचं सूप बाजूला सारून उठली आणि मला आत घेऊन गेली. म्हणाली, "दर रविवारी येतात. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. आठवडाभर आई दोन घासांवर उठतात, यांच्या हातनं मात्र पोटभर खातात."

बदली झाल्यापासून त्याला काय काय सुनावायचं हे मी मनात घोटून ठेवलं होतं. एक शब्द कमी करायचा नाही असं ठरवलं होतं. तो निघाला तशी मी दारापर्यंत गेले. चपला घालत तो म्हणाला, "ताई, तुमी नको म्हणला तर न्हाय यायचो."

आत आई त्याला हाक मारत होती.

"येत जा," मी म्हणाले. हे दोन शब्द बोलताना मला जेवढा अपमान वाटला, तेवढा बदलीच्या हुकमावर सही करतानाही वाटला नव्हता.