तीन नंबरचा जोड

सचिन या गावच्या औद्योगिक वसाहतीत विजेवर चालणाऱ्या मालवाहू रिक्षांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेम बनवणारी एक शेड आहे. योगिता तिथे पाच वर्षांपासून वेल्डिंग करते. त्याआधी ती लिंबायत वस्तीतल्या घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. आयटीआयचा छोटा कोर्स करून ती शेडमध्ये आली, तेव्हा बाईमाणसाच्या हातात वेल्डिंगची टॉर्च द्यायला कुणी तयार नव्हतं. दिली ती राघोनानांनी.

नाना शिंदखेड्याकडचे. वीस वर्षं लोखंड जोडून मग अ‍ॅल्युमिनियमकडे वळलेले. लोखंड तापलं की लाल होऊन इशारा देतं, हा धातू रंग बदलत नाही, एकदम वितळून खाली बसतो, असं त्यांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नजर वितळलेल्या धातूवर ठेवायची आणि ध्यान पायाखालच्या पेडलवर. पेडल दाबलं की करंट वाढतो, सोडलं की उतरतो. जोड संपवताना पाय अगदी सावकाश उचलायचा. झटक्यात उचलला तर शेवटी खड्डा पडतो आणि त्यात तडा जातो. हे पायात बसायला योगिताला चार महिने लागले. ते चार महिने नाना रोज तिच्या मागे उभे राहिले.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तपासणीचा माणूस रजेवर होता. सुपरवायझर चेतनने ते काम योगितावर सोपवलं. बारा फ्रेम ट्रकमध्ये चढल्या होत्या, दोन नमुन्यासाठी खाली ठेवल्या होत्या. त्या तपासून तिने सही केली की ट्रक सुटणार होता. ड्रायव्हर गेटपाशी दोनदा हॉर्न वाजवून गेला.

तिने जोडांवर लाल रंग फवारला, दहा मिनिटं थांबली, पुसून काढला आणि वरून पांढरा फवारा मारला. कुठे तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. तिचे स्वतःचे जोड पांढरेच राहिले. मागच्या चाकाचा भार पेलणाऱ्या ब्रॅकेटपाशी मात्र जोडाच्या टोकाला बारीक लाल चांदणी उमटली. शेजारी वेल्डरचा नंबर ठोकलेला होता, तीन. म्हणजे नाना.

रंग नीट पुसला गेला नसेल, असं म्हणून तिने तो जोड साफ करून पुन्हा सगळं केलं. चांदणी पुन्हा आली. दुसऱ्या फ्रेमवरही आली.

ती मास्क लावून नानांच्या पडद्याआड गेली आणि गुपचूप त्यांचा पाय पाहत राहिली. हात तसाच होता, जराही न थरथरणारा. जोड संपत आला आणि बूट पेडलवरून दगडासारखा सरकून पडला. ठिणगी फटकन विझली.

तिने हळू आवाजात तड्यांचं सांगितलं. नाना आधी भडकले. मला शिकवतेस का, म्हणाले. मग मास्क काढून स्टुलावर बसले आणि बुटाकडे बघू लागले.

“पाय काहीच सांगत नही माले,” ते म्हणाले. “सा महिना व्हयनात. शुगरनं व्हई ग्यं.”

पाय बधिर झाल्याचं सहा महिने त्यांनी घरीही कळू दिलं नव्हतं. आजचा ट्रक जाऊ दे, सोमवारपासून माझा प्रत्येक जोड तू बघ, वाईट निघेल तो मी पुन्हा करीन, असं त्यांनी विनवलं. तिच्यापुढे त्यांनी कधी मान खाली घातली नव्हती. पण ट्रकमधल्या फ्रेमवर पुढे माणसं बसणार होती, मागे पाच-सहाशे किलो माल असणार होता. ती बाहेर आली.

चेतन कागद घेऊन उभाच होता. तिने सही करायला नकार दिला. दोन नमुन्यांत किरकोळ तडे निघाले म्हणून अख्खा माल अडवायचा का, माल घेणाऱ्या कंपनीला मी काय सांगू, असं तो तावातावाने विचारू लागला. मग त्याने वेल्डरचा नंबर विचारला.

“नंबर कुणाचाही असो,” योगिता म्हणाली. “सगळ्या फ्रेम उतरवा. मी सही करणार नाही.”

चेतन म्हणाला की मग सोमवारपासून येऊ नकोस. ती जागची हलली नाही. हमाल, ड्रायव्हर, आजूबाजूचे वेल्डर, सगळे बघत होते.

मागून नाना आले. पाय जरा फरफटत होता.

“तीन नंबर. माझा,” ते म्हणाले. “उतरवा.”

बारापैकी पाच फ्रेमवर तडे निघाले. योगिताने ते जोड घासून काढून नव्याने केले. तिला कामावरून काढायची भाषा चेतनने पुन्हा केली नाही. नाना तोवर भिंतीपाशी बसून होते, तिच्याकडे न बघता. संध्याकाळी चेतनने त्यांना बळेच दवाखान्यात नेलं. बूट काढला तेव्हा अंगठ्याखाली भाजल्याची जखम दिसली, आतपर्यंत सडलेली. ती कधी झाली, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

अंगठा आणि शेजारचं बोट कापावं लागलं. योगिता दोनदा भेटायला गेली. दोन्ही वेळा नाना भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. नंतर त्यांच्या पत्नी धुरपदाबाई लिंबायतला तिच्या घरी आल्या. आणखी दोन आठवडे गेले असते तर पाऊलच गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं त्यांनी सांगितलं. “त्यांले राग शे तुना,” त्या म्हणाल्या, “पण माले नही.”

जूनमध्ये नाना कामावर परतले. टॉर्च नाही, आता वेल्डिंगआधी भाग साच्यात बसवून आवळायचं काम. त्यांनी आवळलेली फ्रेम योगिताच्याच टेबलावर येई, पण बोलणं नव्हतं. तीन आठवडे असेच गेले. ती रोज सकाळी नमस्कार करी, ते मान फिरवत.

एका दुपारी तिने घाईत एक ब्रॅकेट स्वतःच बसवून जोडायला घेतलं. नाना लंगडत आले आणि त्यांनी तिच्या टॉर्चपुढे हात धरला.

“फट बघ केवढी ठेवलीस. अशात काय जोडशील? सर बाजूला.”

ती बाजूला सरली. त्यांनी ब्रॅकेट सोडवून पुन्हा नीट बसवलं, आणि उरलेल्या तीन फ्रेम दोघांनी मिळून सुट्टी व्हायच्या आत पुऱ्या केल्या.