हुरड्याच्या दिवशीचं पोपटी पातळ

…आणि मग झुंबरनं ते पोपटी पातळ तिसऱ्यांदा उलगडलं, उजेडाकडे धरलं, आणि पदराचा तो कोपरा पुन्हा घडीच्या आत दडपून टाकला. काल आपण इथवर आलो होतो, तेवढ्यात जेवायची हाक आली आणि गोष्ट तशीच राहिली. बरं झालं. उपाशीपोटी ही गोष्ट ऐकू नये आणि भरल्यापोटी तर मुळीच सांगू नये.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागचं. झुंबर ही लोणी भापकरची, दत्तोबाची बायको. साल सत्तावन. बारामती तालुक्याचे तेव्हाही दोन तुकडे होते. कालव्याच्या खाली बागाईत, वर जिराईत. खाली पणदऱ्याकडे ऊस, म्हशी, आणि आंघोळीला माणशी दोन बादल्या. वर लोणीला चैत्रात चिमणीसुद्धा विचारून पाणी प्यायची. झुंबरनं बावीस वर्षं अर्ध्या कोसावरून हंडे वाहिले होते. टाळूवरचे केस चुंबळीखाली झिजून गेले होते आणि तिथं रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली होती. ती जागा बाई कायम पदराखाली ठेवी. तिला जन्मात एकच गोष्ट हवी होती. लीलाच्या, म्हणजे तिच्या एकुलत्या लेकीच्या, टाळूवरचे केस राहावेत. लेक कालव्याच्या पाण्याखालच्या गावात पडावी.

पण त्या बाईचा हात! शेळी जिथून उपाशी परत येईल, त्या रानातून ती जेवण उभं करायची. चार सरी पडल्या की बांधावरची घोळ आणि तांदूळजा, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी, उन्हाळ्यात सांडगे. गावात म्हणत, झुंबरनं धोंडा शिजवला तरी त्याला चव येईल. आणि पौषातला हुरडा तर तिनंच भाजावा. आगटीत कणीस किती वेळ ठेवायचं ते ती नुसत्या वासावर ओळखायची. दत्तोबाचं काय विचारता? त्याला देवानं एकच शब्द दिला होता. ‘व्हय.’ तो त्यावर संसार रेटत होता.

तर सोयरिकी जुळवणारा अप्पा एके दिवशी दारात आला. अप्पाची रीत अशी, की आधी जेवायचं, मग बोलायचं. तिसरी भाकरी मोडता मोडता म्हणाला, “पणदऱ्याचं घर हाय. सर्जेरावांचं. तीस एकर, समदी पाण्याखाली. परसात हापसा हाय, झुंबर. दांडा हालवला की पाणी.”

झुंबरच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. तिच्या हातून असं कधी होत नसे.

“पोरगा बिजवर हाय न्हवं?” तिनं विचारलं.

“हाय की. म्हणून तर तुझ्या दारात आलुया. पयल्या लग्नाचा असता, तर तुझा उंबरा तरी दिसला असता का मला?”

“थोरली कशानं गेली?”

“हिवतापानं. द्वारका तिचं नाव. भादव्यात गौरी बुडवल्या, त्याच सांजंला गेली बिचारी. ठेचा वाढ जरा.” ठेचा चाटून अप्पा पुढं म्हणाला, “हुरड्याचं निमित्त काढू. घरचीच मंडळी येतील, पोरगी बघून जातील. पर एक ध्यानात ठिव. पोराच्या आईला, विजयमाला वैनीसाबांना, टापटीप लागती. नऊवारीत पोर दावू नगंस. थोरली पाचवारी नेसायची.”

“दत्तोबा, चालंल न्हवं?” अप्पानं विचारलं.

“व्हय,” दत्तोबा म्हणाला.

आता पाचवारी आणायची कुठून? लोणीत तोवर पाचवारी पातळ फक्त मास्तरीणबाईंच्या अंगावर दिसलेलं. झुंबर गुरुवारी बारामतीच्या बाजाराला गेली. भज्यांच्या गाड्याशेजारी बसून तिनं घरची भाकरी भज्यांच्या वासाशी खाल्ली. प्रवासातलं तिचं जेवण नेहमी असंच, भाकरी आपली आणि वास दुसऱ्याचा. मग ती जुन्या कपड्यांच्या ओळीत शिरली. बोहारणी गावोगाव फिरतात, भांडी देऊन जुने कपडे घेतात, ते सगळे तिथं येऊन पडत. कोट, धोतरं, झबली, कुणाकुणाचं काय काय. त्या ढिगात ते पोपटी पातळ तिच्या हाताला लागलं. जॉर्जेट, पाण्यासारखं मऊ. काठाला बारीक जरी. सगळं अंग शाबूत होतं, फक्त पदराच्या कोपऱ्याला चिंचेच्या पानाएवढा रफू.

त्या रफूवर झुंबर खुळावली. ज्या बाईनं तो केला, तिनं त्याच पातळाचा धागा ओढून घेतला होता. टाका असा, की बोटाला लागेल पण परक्या डोळ्याला पटकन दिसणार नाही. ‘कुणाचा गं बाई हात हा,’ ती मनाशी म्हणाली आणि पातळ छातीशी धरून घरी आली.

हुरड्याचा दिवस उजाडला. पणदऱ्याची मंडळी लिलावात घेतलेल्या जीपगाडीतून आली. पुढे सर्जेराव, डोक्याला कडक फेटा. मागे नवरा मुलगा मानसिंग, मान खाली. आणि विजयमाला वैनीसाब! अंगात फुग्याच्या बाह्यांचं पोलकं, नायलॉनचं पातळ, पायात टाचेच्या चपला. ढेकळांच्या रानात टाचेच्या चपला म्हणजे काय तमाशा सांगावा! दर चार पावलांना बाई कलंडायची आणि सर्जेराव सावरायचे. झुंबरनं घोंगडी झटकून पसरली. वैनीसाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपली सतरंजी आपण आणली होती. पाणीही आपलंच, फिरकीच्या तांब्यातलं.

लीला सामोरी आली. पदर कमरेला घट्ट खोचलेला, कोपरा आत. पोरगी जवसाच्या फुलासारखी दिसत होती.

वैनीसाबांनी तिला वळवून पाहिलं, दात पाहिले, वेणी ओढून पाहिली. “गंगावन तर न्हाय न्हवं? आजकाल काय सांगावं!” म्हणाल्या. मग आपल्या पायांकडे बघून, “मातीनं चपला भरल्या. पोरीला म्हणावं हंडाभर पाणी आण. चाल बी दिसंल.”

घरात रांजणात पाणी होतं, पण वैनीसाबांना चाल पाहायची होती. लीला हंडा घेऊन अर्धा कोस गेली.

ती येईतो आगटी पेटली होती. झुंबर गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून कणसं काढी आणि उघड्या तळहातांवर चोळी. हुरडा गरमच खायचा असतो, म्हणजे चोळणाऱ्याचे हात भाजणार. शेजारी लसणाची चटणी, तिळाची, जवसाची, मडक्यातलं दही, गूळ. मंडळी खात सुटली. अप्पा तर बोलायचंच विसरला.

“काय चव हाय हो,” सर्जेराव म्हणाले. “आमच्याकडं पाणी लई, पर ज्वारी अशी गोड न्हाय.”

“चोळ की जरा लवकर,” वैनीसाब झुंबरला म्हणाल्या. “गार लागतोय.”

मग गुळाचा खडा तोंडात टाकून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “थोरलीची लई सय येती बगा. पर चिंधूकसुद्धा ठिवलं न्हाय घरात. पातळं, पोलकी, फणीसकट समदं तिच्या आईच्या वटीत घातलं. रीतच हाय ती. मेलेल्या सुनेच्या वस्तूवर डोळा ठिवणारं घर न्हाय आमचं.”

“अशी मानसं मिळाया भाग्य लागतं,” अप्पा तोंड भरून म्हणाला. मानसिंग आगटीतल्या राखेकडे बघत बसला होता. झुंबरला बरं वाटलं. सुनेच्या आईला फणीसुद्धा परत करणारं घर. वर परसात हापसा.

लीला हंडा घेऊन आली. वैनीसाबांनी पाय पुढं केले. चुळकाभर पाणी पायांवर, चुळकाभर चपलांवर. उरलेला हंडा त्यांनी पायानंच कलता केला. “शेवाळाचा वास येतोय ह्याला.”

भडभड करून सगळं पाणी ढेकळांत गेलं. रानानं ते एका घोटात पिऊन टाकलं. दत्तोबा त्या ओल्या डागाकडे बघत राहिला. झुंबरनं पुढचं कणीस उचललं.

हंडा उतरवताना लीलाचा खोचलेला पदर सुटला होता. मानसिंगची नजर वर गेली, पदरावर पडली आणि तिथंच खिळली. ओंजळीतला हुरडा त्याच्या बोटांमधून गळून गेला. झुंबरनं ते टिपलं. ‘जुळलं गं बाई,’ ती मनात म्हणाली. ‘भुलला पोरीला.’

पण वैनीसाबांनी पोराच्या नजरेमागं आपली नजर नेली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमललं. मांजराला उंदीर दिसला की ते लगेच झडप घालत नाही बरं का. आधी शेपूट हलवतं.

“पातळ ग्वाड हाय,” त्या म्हणाल्या. “कुठनं घेतलं?”

“बारामतीतनं,” झुंबर म्हणाली. “पेठंतल्या दुकानातनं.”

“कोरं?”

झुंबरनं नवं कणीस तळहातावर घेतलं. “कोरं, वैनीसाब.”

“घडी आजच मोडली?”

“आजच.”

“दुकानदारानं निवडून दिलं का तूच निवडलंस?”

“म्याच निवडलं.”

“बरी नजर हाय तुला.” वैनीसाबांनी लीलाला बोटानं जवळ बोलावलं, पदराचा कोपरा दोन बोटांत धरला आणि सगळ्यांपुढं ताणला. “मग कोऱ्या पातळाला रफू कोन करतं गं? उंदीर का?”

सर्जेराव फिसकन हसले. अप्पा तर सर्जेरावांच्या आधीच हसायला लागला होता, ज्याचं पारडं जड त्याच्याबरोबर हसायचं हा त्याचा धर्म. लीला तशीच उभी, पदर परक्या बोटांत, डोक्यावर चुंबळ तशीच. तिला ती काढायचीसुद्धा सुचली नव्हती.

“आगं, हे आमच्या घरचं पातळ!” वैनीसाबांना आता चेव चढला. “ह्या हातानं दिलंय बोहारणीला. गौरी जाऊन चार दिस बी झालं नव्हतं. परड्याच्या दारातनं आत घेतली मी तिला. एक पातेलं दिलं मेलीनं, हे एवढं, टोपणाबिगर! आन ही ते पोरीला नेसवून आमालाच दावतीया! आमचंच उष्टं आमच्याच ताटात!”

हसू आगटीभोवती फिरलं आणि अर्ध्यातच थांबलं. कारण मानसिंग उठून जीपगाडीकडे चालू लागला होता. सर्जेराव फेटा चाचपत पुटपुटले, “आगं, गप की.”

दुसऱ्याला ओरबाडताना माणसाला स्वतःची नखं दिसत नाहीत. वैनीसाबांना अजून काही उमगलं नव्हतं. झुंबरला मात्र उमगत चाललं होतं, एकेक बोट दुमडावं तसं. गौरी बुडवल्या त्या सांजेला द्वारका गेली. चार दिवस झाले नव्हते, म्हणजे दहावासुद्धा व्हायचा होता. घरात सुतक, आणि परड्याच्या दारात बोहारीण. आईच्या ओटीत काही पडलं नव्हतं. तो चिंचेच्या पानाएवढा रफू, तो हात, ज्यावर ती बाजारात खुळावली होती, तो त्या मेलेल्या पोरीचा. आणि तिचंच पातळ नेसवून आपण आपली लेक तिच्याच नवऱ्यापुढं उभी केली.

“जाऊ दे,” वैनीसाब पाय पुसत म्हणाल्या. “मन मोठं हाय आमचं. पोरगी पसंत हाय. गरिबाची हाय, वाकंल, राबंल. पुढच्या महिन्यात उरकून टाकू. फकस्त तू ह्या चौघांत कबूल हो, की म्या खोटं बोलले. आन पाया पड. बस्स, येवढंच.”

“पड की गं,” अप्पानं तोंडातलं गिळत सांगितलं. “बसल्या जागी हापसा मिळतोय लेकीला.”

“दत्तोबा, तुमी तरी सांगा तिला,” सर्जेराव म्हणाले.

दत्तोबानं त्या ओल्या डागाकडे पाहिलं. तो आता पुरता सुकला होता. जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून ‘व्हय’ आलं नाही.

झुंबरनं हातातलं कणीस आगटीत टाकलं. तळहातांवर पाण्यानं भरलेले फोड आले होते, ते तिनं लुगड्याला पुसले. ती लीलाजवळ गेली. वैनीसाबांच्या बोटांतून पदर सोडवला, त्या रफूवरून एकदा अंगठा फिरवला आणि लेकीच्या डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली. टाळूवर हात ठेवला. केस दाट होते, अजून ओले होते. त्या केसांची किंमत तिच्याइतकी त्या रानात कुणाला ठाऊक नव्हती. मग वळून, आवाज जराही न चढवता, ती म्हणाली,

“वैनीसाब, म्या खोटं बोलले, कबूल हाय. पर तुमच्या थोरलीचं पातळ सुतकात एका पातेल्यावर गेलं. माझ्या लेकीच्या पातळांची किती भांडी येतील, तेवढं आजच सांगून ठिवा.”