आम्हाला ऑफिसरच भाडेकरू हवा होता

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं आणि आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाबू लोकांना घरमालक होण्याचं वेड लागलं. स्टेशनामागची आमची वस्ती, निम्मी रेल्वेवाल्यांची, निम्मी सरकारी कारकुनांची, बरेचसे विदर्भातून आलेले. ज्याच्या छतावर पाण्याची टाकी धड बसत नव्हती तोही वर मजला चढवायला निघाला. भोपाळहून साहेब लोक येणार, त्यांना घरं लागणार, आपण बसून भाडं खायचं, एवढीच सगळ्यांची अक्कल. आमचे हे रेल्वेत हेडक्लार्क. ह्यांनी पीएफमधून पैसे काढले आणि वर दोन खोल्या बांधल्या.

वर मार्बलची फरशी, इंग्लिश संडास, ओट्याखाली लाकडी कपाटं. खाली माझा ओटा सिमेंटचा, आणि त्याच्या भेगेत रोज मुंग्या. मी बोलले तर म्हणाले, "आपल्याले काय कराचं हाय? भाडेकरूले चांगलं पायजे."  तेव्हा मलाही ते पटलं होतं, हे कबूल करते.

सगळ्यात आधी घर बघायला सरकारी दवाखान्यातली एक नर्स आली. मग पंडरीच्या कपडा मार्केटातला एक मुनीम. मग बीरगांवचं एक जोडपं आलं; नवरा कारखान्यात सुपरवायझर, बायको तिथल्या धुराला कंटाळलेली. ॲडव्हान्स हातात घेऊन आले होते बिचारे. ह्यांनी प्रत्येकाला खुर्चीवर बसवून एकच विचारलं, "कौन से विभाग में हैं?" आणि प्रत्येकाला चहा पाजून वाटेला लावलं. "ऑफिसर पार्टी पायजे मले," हे एकच पालुपद. दहा महिने वर फक्त कबुतरं राहिली, आणि त्यांनी भाडं दिलं नाही.

पहिल्यांदाच घर भाड्याने देणारा माणूस भाड्याचा विचार करेल असं कुणालाही वाटेल. आमच्या ह्यांना भाडं नकोच होतं. तीस वर्षं दुसऱ्याच्या केबिनबाहेर फाइल घेऊन उभं राहिल्यावर, एक साहेब आपल्या घरात राहायला आला की आपणही थोडेफार साहेब होऊ, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

शेवटी मंत्रालयातले एक साहेब आले. एकटेच, बायकामुलं भोपाळला. माणूस शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला की आमचे घरमालक बनियनवर शर्ट चढवून फाटक उघडायला धावायचे. साहेब जिना चढेपर्यंत हे उभे. छतावर पापड घालायचे नाहीत, सायबांना जायला अडचण होते. मिरची कुटायची नाही, सायबांना ठसका लागतो. साहेबांनी यातलं एक अक्षरही कधी काढलं नव्हतं. भाडं वाढवायचा विषय तर इतक्या वर्षांत एकदाही निघाला नाही. गल्लीत मात्र "हमारे साहब" असं म्हणताना ह्यांची छाती फुगायची. आणि मी काय वेगळी होते? डबा भरून पाटवड्या वर पाठवायचे, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आवर्जून सांगायचे की साहेबांना आमच्या हातचं फार आवडतं.

मग मंत्रालय शहराबाहेर लांब नवा रायपुरात गेलं, आणि त्याच सुमारास भिलाईला दिलेल्या आमच्या पोरीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात कुणी ठरवावं लागत नाही. पण तिला ठेवायची कुठे? खाली एक झोपायची खोली, एक बैठक आणि स्वयंपाकघर. बाळंतीण काय बैठकीत, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर निजवायची? चौथ्या महिन्यातच मी ह्यांना म्हटलं, "साहेबाले आता सांगून टाका. आपल्याले खोल्या लागतात."

"हव, सांगतो ना."

रोज संध्याकाळी वर जायचे आणि चहा पिऊन खाली यायचे. कधी साहेबांचा मूड नव्हता, कधी मीटिंग होती, कधी त्यांचं डोकं दुखत होतं. मी फार टोचलं की माझ्यावरच डाफरायचे, "काहून मांगं लागून राहिली? सांगतो म्हटलं ना!" सातवा महिना लागला, ओटी भरायचे दिवस आले. मग पोरीच्या सासूबाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. "तुमच्याकडे जागेची अडचण दिसते. राहू द्या, आम्ही करू सगळं."  नात भिलाईला झाली. मी डिंकाचे लाडू घेऊन गेले आणि चार दिवस पाहुणीसारखी राहून परत आले. माझ्या पोरीला तेलपाणी दुसऱ्या बाईने केलं.

आल्या दिवशीच पिशवी खाली टाकली आणि जिना चढले. साहेबांना म्हटलं, आता तरी आमच्या खोल्या द्या. ते चकित झाले.

"दीदी, मुझे तो नवा रायपुर में क्वार्टर कब का मिल गया। मैं होली से पहले ही जा रहा था। भैया ने हाथ जोड़ लिए कि साहब, मत जाइए। मुझे लगा किराये की ज़रूरत होगी, तो रुक गया। रोज़ इतनी दूर दफ़्तर जाता हूँ।"

होळीच्या आधी, म्हणजे पोरीला पाचवा होता तेव्हा.

खाली आले तर हे पेपर वाचत बसलेले. विचारलं, "तीन महिने वर जाऊन हेच सांगत होते तुमी?"  हे पेपराआडूनच म्हणाले, "सायेब गेले असते, तं कोन इचारलं असतं आपल्याले इथं?" मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली, किळस आली. पोटच्या पोरीचं माहेरपण ह्या माणसाने एका हॉर्नच्या आवाजापायी घालवलं.

आठवड्याभरात साहेब गेले. मी स्वतः वरच्या खोल्या धुतल्या, पलंग लावला, उन्हाच्या खिडकीशी पाळणा टांगला आणि पोरीला फोन केला. म्हटलं, वरचं सगळं रिकामं झालं, बाळाला घेऊन ये, हवं तितके दिवस राहा.

पोरीला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीतच. म्हणाली, "आई, आना तो मुझे तब था।"