हत्तीच्या पायाखालचा चेहरा

मी वर्ध्याकडून जबलपूरला आलो तो ब्राँझचे पुतळे करायला. ज्याने मला बोलावलं तो मराठीच. त्याचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले, म्हणून तो इथला आणि मी बाहेरचा. चौकांतली कामं तो मिळवायचा आणि मी करायचो. पहिल्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर माझं नाव घालतो म्हणाला होता. अनावरणाला पडदा सरकला, तर शिल्पकार म्हणून नाव त्याचं!

"काहून तोंड पाडून उभा आहेस?" तो मला म्हणाला. "बाहेरच्या माणसाचं नाव इथं कोण वाचून राहिलं? चलो, फोटो खिंचवा लो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटोत मी हसलो आणि मनात डूख धरला.

पुढचं काम इथल्या एका जुन्या पराक्रमी राणीचं होतं. हत्तीवर राणी आणि हत्तीच्या पायाखाली शत्रूचा सरदार. मातीचा नमुना त्याने गावाबाहेर रिछाईतल्या माझ्या कारखान्यात येऊन पाहिला, पसंत केला. त्या मातीवरून मग मेणाची प्रत काढतात, आणि ब्राँझ आकार घेतं तो मेणाचा. मेण पाहायला कोणी फिरकत नाही. मी त्या सरदाराला माझ्या या उपकारकर्त्याचा चेहरा दिला. दुहेरी हनुवटी, नाकाजवळचा मस, अर्धवट मिटलेला डावा डोळा. काही म्हणजे काही सोडलं नाही. इतकं मन लावून मी देवाची मूर्तीही कधी केली नसेल.

अनावरणाच्या दिवशी आमच्या जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारातली माणसं वाकून वाकून पाहू लागली, एकमेकांना कोपराने ढोसू लागली. मला उकळ्या फुटत होत्या. चौथऱ्यावर शिल्पकार म्हणून नाव याही वेळी त्याचंच होतं. आता त्या चेहऱ्याबद्दल तो तक्रार करणार तरी कोणाची?

एका बातमीदाराने त्याला विचारलंच, "दादा, हाथी के नीचे तो आप ही हैं?"

त्याने खालच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग हात जोडले. "कलाकार की जगह और कहाँ है, भैया? रानी माँ के चरणों में."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघातिघांनी तर त्याच्या पाया पडून घेतलं. मी दात-ओठ खात उभा होतो.

आता लोक राणीला हार घालतात आणि एक फूल खाली त्याच्या कपाळावर ठेवतात. तिथून जाताना छिन्नी घेऊन ते नाक उडवावंसं वाटतं मला. जिवंतपणी स्वतःचा पुतळा चौकात पाहणारा या शहरातला तो एकटाच माणूस असेल, आणि तो पुतळा मी केला आहे.