गिरीजच्या बावखलातलं हृदय

वसई रोडला उतरले तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती: संध्याकाळच्या आत धडधडतं हृदय पैदा करायचं. हसू नका! आमच्या मुंबईच्या प्रयोगशाळेत एक मायक्रोस्कोप उसना आला होता. जिवंत वस्तूचे थरावर थर तो इतके झटपट टिपतो, की ते रचून अख्खी वस्तू संगणकावर फिरवून बघता येते. आमचं जुनं यंत्र एवढं संथ, की हलत्या हृदयाचं नुसतं भरीत व्हायचं. नवं यंत्र संध्याकाळी परत जाणार, आणि आमच्या टाकीतली माशांची पारदर्शक अंडी नेमकी बुरशीने मेलेली.

रिक्षाने गिरीज गाठलं. दोन्ही बाजूंना केळी, माड, मधूनच एखाद्या अंगणातला क्रूस. माझ्या सहकाऱ्याच्या लुसीमावशीच्या वाडीत बावखल (शिंपणासाठी राखलेलं तळं) आहे. त्यात तसलेच बारीक मासे.

"अंडी कशाला गं? तळायला?" मावशीने विचारलं.

"बघायला."

"बघून पोट भरतं होय? आधी खा."

गरम फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे) खाऊन मी पाण्यात उतरले. शेवाळात हात घालून घालून कंबरेचा काटा ढिला झाला, तेव्हा कुठे अंड्यांचा एक झुबका मिळाला. भिंगातून पाहिलं, आत इवलाले डोळे! बरणी ओट्यावर ठेवून मी पाय धुवायला गेले.

परत येते तो काय, बरणीत लख्ख नळाचं पाणी. शेवाळ गायब.

"मावशी, हे काय केलंत!"

"धुतलं. आमच्या वाडीतला माल धुतल्याशिवाय बाजारात जात नाही. तू मुंबईला नेणार, म्हणून बावखलात न धुता चांगलं नळाचं पाणी घेतलं."

मी कपाळावर हात मारला. बहुतेक अंडी चोळून फुटली होती. नळाच्या पाण्यातलं औषध उरलेल्यांना मारणार. मावशीचा चेहरा पार उतरला. तिने साडी खोचली आणि धावत जाऊन बावखलातून कळशी भरून आणली. अंडी त्यात सोडली. पुन्हा शोधायला वेळ नव्हता.

परतीच्या गाडीत मी बरणी मांडीवर धरून बसले. स्वतःचाच राग येत होता. मावशीला दोन शब्द आधी सांगितले असते तर?

प्रयोगशाळेत एकेक अंडं तपासलं. पांढरं, म्हणजे मेलेलं. पांढरं. मग एक स्वच्छ निघालं. यंत्र सुरू केलं आणि पडद्यावर ते हृदय उभं राहिलं, आतल्या कप्प्यांसकट आकुंचन पावणारं. त्याला उलटंपालटं फिरवून पाहिलं तरी धडधड कुठे पुसट होईना. मला रडूच आलं. मावशीला फोन लावला.

"माझ्या हातनं मेलं नाही ना सगळं?"

"एक जिवंत आहे, मावशी. हृदय छान चालू आहे."

"बाई गं! मग तिथे कशाला ठेवतेस? आण त्याला परत."

यंत्र गेलं. पिल्लू बाहेर आल्यावर मी पुन्हा गिरीजला गेले. बावखलाच्या काठावर मावशीने बरणी माझ्या हातातून घेतली, स्वतः तिरकी केली. पिल्लू क्षणात दिसेनासं झालं.

"गेलं घरी," ती म्हणाली, आणि रिकामी बरणी माझ्या हातात दिली.